सोलापूरच्या माणसाने समुद्रावर मेटल डिटेक्टर फिरवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेहुण्याने आखातातून येताना मेटल डिटेक्टर आणून दिला. घर सोलापुरात. दिवाळीनंतर गणपतीपुळे-गुहागरची सहल ठरली आहे. किनाऱ्यावर यंत्र फिरवलं तर सोनं सापडेल का, खर्च निघेल का आणि कुणी हटकलं तर काय सांगायचं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका दमात देतो. सापडेल, पण थोडं. खर्च निघणार नाही. सोलापूरहून गणपतीपुळे एका बाजूने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. डिझेल, लॉज आणि पोरांची भेळ यातच एक अंगठी संपते. तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण खरा प्रश्न तोच आहे. किनाऱ्यावरचं निम्मं काम माणसांशी असतं. कोण हटकतं, कोण मागे लागतं, कोण आपणहून जागा दाखवतं, हे ज्याला उमगलं त्याचं साध्या यंत्रावरही भागतं.

मी अक्कलकोट रोडला मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. तांब्याच्या वेटोळ्यांशी रोजचाच संबंध, त्यातून हा नाद लागला. गणपती विसर्जनानंतर आणि खुरपणीच्या दिवसांत लोक हरवलेला दागिना शोधायला बोलावतात. समुद्रावर जमेल तसा जातो. आता यातलं कितपत तुम्हाला लागू पडेल, हे तुमच्या यंत्रावर अवलंबून आहे आणि त्याचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

यंत्राच्या तबकडीत, म्हणजे दांडीच्या टोकाला जमिनीवर फिरवायचा गोल भाग असतो त्यात, साधारणपणे दोन वेटोळी असतात. एक चुंबकीय क्षेत्र सोडतं, दुसरं ऐकतं. जमिनीतल्या धातूत त्या क्षेत्रामुळे बारीक प्रवाह फिरू लागतात आणि त्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्याला लागते. अडचण अशी की खाऱ्या पाण्यातूनही वीज वाहते. त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीचं साधं यंत्र कोरड्या वाळूत शहाण्यासारखं वागतं आणि ओल्या वाळूवर नेलं की धातू नसतानाही किरकिर लावतं. मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र निरनिराळ्या फ्रिक्वेन्सींची उत्तरं ताडून मिठाचा भाग वजा करतं. तिसरा प्रकार पल्स इंडक्शनचा. ते क्षणभर झटका देतं, गप्प होतं आणि मग ऐकतं. मिठाच्या पाण्यातला प्रवाह लगेच विरतो, धातूतला थोडा रेंगाळतो. ओल्या वाळूला ते उत्तम, पण खिळा आणि अंगठी यांतला फरक ते सांगत नाही. जे वाजेल ते सगळं उकरायचं.

वाळूही सगळीकडे सारखी नसते. मालगुंड, काळबादेवीच्या बाजूला किनाऱ्यावर काळे पट्टे दिसतील, ती इल्मेनाइटची, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या खनिजाची, जड वाळू. आपल्याकडची काळी मातीही बेसॉल्टची आहे. तिच्यातून लोहचुंबक फिरवला तर काळी भुकटी चिकटून वर येते. अशा जमिनीवर यंत्र आधी ‘ग्राउंड बॅलन्स’ करून घ्यावं लागतं. तबकडी जमिनीच्या वर-खाली हलवत राहायची आणि आवाज सपाट होईपर्यंत जुळवायचं. हे न करता फिरणारे बरेच भेटतात आणि मग यंत्राला शिव्या देतात.

दुसरी खबरदारी नाण्यांबाबत. परदेशी व्हिडिओ पाहून लोक लोखंड वगळण्याची सेटिंग पूर्ण चढवतात. तिकडे ते चालत असेल. आपला 1992 नंतरचा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, त्याला चुंबक लागतो आणि यंत्र बहुतेक वेळा त्याला लोखंड समजून सोडून देतं. पाचाचं पिवळं नाणं निकेल-पितळेचं, ते मात्र खणखणीत वाजतं. सोन्याचा आवाज या दोहोंच्या मधला असतो. तिथेच सिगारेटच्या पाकिटातली चांदी, बाटल्यांची बुचं आणि मासेमारीच्या जाळ्याचं शिसं असतं. म्हणजे सोनं हवं असेल तर कचराही उकरायची तयारी हवी, यातून सुटका नाही.

खोलीबद्दलच्या थापांना भुलू नका. नाण्याएवढी वस्तू चांगल्या यंत्राला सहा-आठ इंचांपर्यंत नीट लागते, अंगठी त्याहून थोडी कमी. दोन दांड्यांचं अँटेनावालं ‘लाँग रेंज लोकेटर’ वीस फुटांवरचं सोनं दाखवतं म्हणून कुणी विकत असेल तर नमस्कार करून निघा. त्या दांड्या धरणाऱ्याच्या मनगटाने फिरतात.

आता वेळ. कोकणात बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतराने भरती येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. तिथल्या लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला, तास-अर्धा तास इकडेतिकडे. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि ओहोटीही लांबवर जाते, तीही पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी सुरुवात करावी आणि पाण्याच्या मागे मागे खाली जावं. भरती फिरली की वर यायचं. पाण्यात उतरू नका, गणपतीपुळ्याचा समुद्र पोहणाऱ्यांनाही ओढून नेतो.

लाट वाळूतल्या वस्तू वजनाप्रमाणे चाळत असते. शिसं पाण्याच्या अकरा पट जड, बावीस कॅरेट सोनं सतरा-अठरा पट. एका पट्ट्यात शिशाच्या गोळ्या आणि नाणी लागली, तर तिथून हलू नका. नुसती बुचं आणि पत्र्याचे तुकडे निघत असतील तर पुढे चला. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू आत ओढतात आणि पुढच्या महिन्यांत हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात थर पातळ असतो. दिवाळीनंतर तुम्हाला थोडा जाड मिळेल, त्याला इलाज नाही.

आता माणसं. पहिला भेटतो तो शहाळेवाला. सुट्टीच्या दिवशी कुटुंबं कुठे चादर टाकून बसतात, कपडे कुठे बदलतात, पोरं वाळूत कुठे लोळतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्याच्याकडे एक शहाळं प्या आणि त्याच्याच समोरून यंत्र फिरवायला लागा. थोड्या वेळाने तोच हाक मारतो, “तिकडे कशाला, परवा त्या खांबाजवळ बाईंचं कानातलं पडलं होतं.” उंटवाला त्याहून मोलाचा. उंट बसताना आधी पुढे झुकतो आणि मग मागे. त्या हिसक्याला खिशातली चिल्लर, चाव्या, चष्मे सगळं सांडतं. उंट बसतो-उठतो ती जागा ठरलेली असते. फक्त त्याच्या गिऱ्हाइकीच्या वेळेत तिथे खड्डे करू नका. उंटाचा पाय खड्ड्यात गेला तर त्याने तुम्हाला जे ऐकवायचं ते ऐकवलेलं बरोबरच असेल.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढणारे भेटले तर यंत्र बंद करून बाजूला उभे राहा. त्यांचं जाळं वाळूवर पसरलेलं असतं, त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले. तबकडी जवळून गेली की सोन्यासारखाच गोड आवाज येतो आणि नवखा माणूस जाळ्याशेजारीच उकरायला बसतो. त्यांना वाटतं, हा आमचं शिसं चोरतोय. रापणकरांशी बोलणं झालं की उलट फायदा होतो. वाळू कुठे खचली, कुठे भरली, हे ते उभ्या उभ्या सांगतात.

मग पोरं. एक आलं की दहा येतात आणि सगळ्यांच्या चपलांच्या हुकांवर आणि पँटच्या बटणांवर यंत्र वाजत राहतं. त्यातल्या थोरल्याला झारा (वाळू उकरून चाळायचा जाळीचा डाव) द्यायचा आणि बाकीच्यांना चार पावलं मागे उभं करायचं. मोठी माणसंही तशीच. वाकून बघताना खिशातला मोबाइल तबकडीवर आणतात आणि “वाजलं, वाजलं!” म्हणून ओरडतात. ग्रॅहम बेलचीसुद्धा यात फजिती झाली होती. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला त्याने असंच वेटोळ्यांचं यंत्र नेलं आणि पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला. तेव्हा आधी स्वतःच्या हातातलं कडं काढा.

एक मंडळी मात्र किनाऱ्यावर भेटतात आणि घरापर्यंत पाठ सोडत नाहीत. हळू आवाजात बोलतात. “आमच्या जुन्या वाड्यात रात्री नाणी वाजल्याचा आवाज येतो. मशीन घेऊन या, निम्मं तुमचं.” सोबत एखादा जाणता असतो, तो अमावास्या सांगतो, लिंबू-नारळाची यादी देतो. मी सरळ नाही म्हणतो आणि का ते सांगतो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्ही नुसतं यंत्र घेऊन गेलात तरी उद्या नाव तुमचंही येणार.

आणि पोलीस. कोकण किनाऱ्यावर पहाटे हेडफोन लावून, हातात दांडी घेऊन फिरणारा अनोळखी माणूस संशयास्पद वाटला तर त्यात गैर काही नाही. 1993 ची स्फोटकं शेखाडीला उतरली, 2008 चे हल्लेखोर समुद्रातून आले, 2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोटीत रायफली सापडल्या. गावकरी सावध असतात आणि असायलाच हवेत. मी पोचलो की आधी पोलीस पाटलांना भेटतो, आधार कार्ड दाखवतो, कुठे उतरलोय ते सांगतो आणि यंत्र त्यांच्या हातात देऊन त्यांच्याच अंगणात एक नाणं शोधायला लावतो. एकदा त्यांनी स्वतः शोधलं की गावात चौकशी करणाऱ्याला तेच उत्तर देतात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. हटकायच्या आधी सांगून ठेवा.

खरं काम कसं चालतं ते दिसावं म्हणून एक शोध सांगतो. संध्याकाळी एक जोडपं लॉजवर आलं. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मंगळसूत्र दुपारी समुद्रावर पडलं होतं. नवरा मला वाळूचा नकाशा समजावत होता, ती एकीकडे गप्प उभी. मी तिलाच विचारलं, “ताई, पाणी तुमच्या कुठवर होतं तेव्हा?” ती म्हणाली, “आम्ही बसलो होतो, पाय भिजत होते.” किती वाजता? फोटो काढला होता. फोटोची वेळ मिळाली, त्या वेळेचं पाणी कुठे होतं ते तिथीवरून काढलं, फोटोतली मागची सुरूची झाडं जुळवली. काठ्या रोवून दोरीने चौकोन आखला आणि एका पट्ट्यावर दुसरा पट्टा अर्धा चढेल अशी तबकडी अगदी जमिनीला लागून, सावकाश फिरवली. लक्षात ठेवायची गोष्ट ही की बारीक सोनसाखळी यंत्राला जवळजवळ ऐकूच येत नाही. ते सगळी साखळी एकत्र बघत नाही, एकेक कडी बघतं, आणि कडी फार लहान. काळे मणी तर काचेचे. वाजतात त्या दोन वाट्या, त्याही हलकेच. आवाज आला तो इतका पुसट की वाऱ्यात हेडफोनशिवाय कळला नसता. झाऱ्यात आधी शिंपला आला, मग ओली वाळू गळाली आणि जाळीत एक वाटी अडकलेली दिसली. काळा धागा मागे वाळूतच होता. तो ओढला नाही. तुटला असता तर मणी तिथेच राहिले असते. हातानं भोवतालची वाळू मोकळी करून अख्खं बाहेर काढलं. नवऱ्याने पाकीट काढलं, मी फक्त डिझेल म्हणालो. टक्केवारी मी ठरवत नाही. ठरवली की लोक खरी जागा सांगायला बिचकतात.

वस्तूचा मालक सापडण्याजोगा असेल तर ती वस्तू त्याचीच. प्रयत्न न करता ठेवून घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली तो अपहार ठरू शकतो. नाव कोरलेली अंगठी मिळाली तर लॉजवाले आणि पोलीस ठाणं, दोन्हीकडे कळवा. जमिनीत दडलेला जुना ठेवा लागला तर 1878 चा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे. दहा रुपयांवरची वस्तू असली की काय मिळालं, कुठे आणि कधी, हे लेखी कलेक्टरला कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. कळवलं आणि मूळ मालक ठरला नाही तर शोधणाऱ्याला हिस्सा मिळतो. जमीनमालकाशी वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा. शिवाय आपला भुईकोट किल्ला केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. तिथे आणि त्याच्या आसपास यंत्र घेऊन जायचंच नाही, अगदी ‘नुसतं बघायला’ म्हणूनसुद्धा.

समुद्राला एवढं दूर कशाला, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी मध्येच घुसवतो. आपला किनारा पंढरपूरला आहे. आषाढी-कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात फिरा. तिथे तुमच्या आधी पोरं असतात. जुन्या स्पीकरमधला चुंबक सुतळीला बांधून ते पाण्यात आणि वाळूत ओढतात. एक पोरगं माझ्याकडे बराच वेळ बघत होतं, मग म्हणालं, “मामा, तुमचं मशीन लय वरडतंय, निघत काय न्हाई.” बरोबर होतं त्याचं. मी लोखंड वगळून ऐकत होतो आणि स्टीलचे रुपये त्याच्या चुंबकाने आधीच उचलले होते. त्याच्या चुंबकाला न लागणारी पाचाची पिवळी नाणी आणि चांदीची जोडवी तेवढी माझ्या वाट्याला होती. नाणी पोरांनाच दिली. मग त्यांनीच दाखवलं, दर वर्षी होड्या लागतात तिथे माणसं उतरताना सगळं सांडतात.

वाळू चाळून पोट भरणारे झारेकरीही असतात. सराफ कट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचा कण काढणारी ही माणसं. त्यांच्या घमेल्यासमोर आपलं यंत्र म्हणजे खेळणं आहे. कणभर सोनं कुठलीच तबकडी सांगत नाही, त्यांचा हात सांगतो. त्यांनी धरलेल्या जागेत आपण जाऊ नये, ती त्यांची रोजी आहे.

नदीत एक गोष्ट हमखास लागेल, ती म्हणजे चांदीचे झिजलेले टाक. घरातले जुने देव लोक पाण्यात सोडतात. ते हरवलेले नसतात. मी ते लागले की पुन्हा खोल पाण्यात सोडतो. सोबत कुणी “चांदी आहे हो” म्हणालं तरी.

सहलीआधी घरी दोन गोष्टी करून बघा. अंगणात एक रुपया, पाचाचं पिवळं नाणं, बायकोला विचारून एक जोडवं, बुच आणि खिळा दोन-चार इंचांवर पुरा, वर खुणेच्या काड्या लावा आणि प्रत्येकाचा आवाज पाठ करा. मग प्लास्टिकच्या टबात वाळू भरा (लोखंडी घमेलं नको, तेच वाजत राहील), लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ घातलेलं पाणी ओता आणि त्यावर तबकडी फिरवा. टबात यंत्र थोडं जरी कुरकुरलं तर समुद्रावर जास्तच कुरकुरणार. तसं झालं तर गुहागर-गणपतीपुळ्याला कोरड्या वाळूतच राहा, शहाळ्याच्या गाड्यांपासून उंट बसतात तिथपर्यंत. आणि परतल्यावर तबकडी, दांडी, झारा सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, त्याच संध्याकाळी. कंट्रोल बॉक्स पाण्यात चालणारा आहे की फक्त तबकडीच, हे मॉडेल नंबर लिहिलात की सांगतो.